डफ, वर्गणी आणि बाईची फिर्याद

मुंबईतील स्त्रीमुक्ती चळवळीचा इतिहास एका खटल्यापासून सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. २६ मार्च १९७२ रोजी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निर्दोष सोडले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, मोर्चे निघाले, आणि १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. हे सारे खरे आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचे काही कारण नाही.

परंतु या इतिहासात एक गोष्ट सहज निसटून जाते. जिच्यावर अत्याचार झाला ती आदिवासी होती, आईबापांविना वाढलेली होती, मजुरी करून पोट भरत होती. तिच्या नावाने सुरू झालेली कथा दोनचार पानांतच सभागृहांत, वकिलांच्या कचेऱ्यांत आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत जाऊन बसते. घाटकोपर, मुलुंड, भांडुप, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून ज्या बाया त्या काळात आणि त्याच्याही आधी मारझोडीविरुद्ध उभ्या राहिल्या, त्यांनी कोणते गाणे म्हटले, कोणाच्या ओट्यावर खेळ केला, आणि त्यासाठीचा पैसा कोणाच्या पदरातून आला, याची नोंद कोठे आहे? चळवळीचा विचार कोणी मांडला हे आपण विचारतो. तिचे गाणे कोणाच्या गळ्यातून आले आणि तिचा खर्च कोणी सोसला हेही विचारले पाहिजे. स्त्रीवरील हिंसा थांबवण्यासाठी कला वापरायची आणि कलेतून निधी उभा करायचा, ही गोष्ट अलीकडे बाहेरून आलेली नवी कल्पना म्हणून सांगितली जाते. आपल्या समाजाला ती नवी नाही. एवढेच नव्हे, तर या पैशाची कसोटी काय असावी याचा निकालही आपल्या परंपरेत फार पूर्वी लागलेला आहे.

१

तो निकाल असा. पठ्ठे बापूराव म्हणजे ब्राह्मण घरातले श्रीधर कुलकर्णी. जात सोडून तमाशात आलेले, थोर प्रतिभेचे लावणीकार. त्यांच्या फडात नाचणारी पवळा हिवरगावकर महार समाजातली. या जोडीचा तमाशा मुंबईत गाजत होता. बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न बाबासाहेबांच्या कार्याला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण आंबेडकरी परंपरेत सांगितली जाते. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आपल्याला नको, अशी त्यांची भूमिका होती. सभांना, सत्याग्रहांना, वसतिगृहांना पै-पै लागत होती, त्या काळात हा नकार दिला गेला.

या नकाराचा अर्थ आपण नीट लावला आहे काय? त्यात केवळ सोवळेपणा पाहणारे लोक आहेत. शर्मिला रेगे आणि शैलजा पाईक यांनी दाखवले आहे त्याप्रमाणे या नकाराला दुसरीही बाजू आहे. तमाशाच्या बाईची कला, तिचे श्रम आणि तिचे पोट यांचा प्रश्न त्या नकाराने सुटला नाही. 'इज्जतदार' चळवळीच्या उंबऱ्याबाहेर ती उभीच राहिली. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो मान्य केला पाहिजे. तरीही नकाराच्या गाभ्याशी एक सत्य आहे. स्त्रीच्या मुक्तीसाठी गोळा केलेला पैसा स्त्रीच्या अवहेलनेतून आलेला असता कामा नये. पैसा कोणी दिला, कशाबद्दल दिला आणि देताना त्याने बाईकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे प्रश्न निधीच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. ही कसोटी हाती धरून पुढचा इतिहास वाचला पाहिजे.

२

सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि आशय बदलला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गवळणीतली छेडछाड गेली. तिच्या जागी शिक्षण, पाणवठा, मेलेल्या जनावराचे मांस सोडणे, दारूबंदी हे विषय आले. अक्षरओळख नसलेल्या माणसाला चळवळ कळली ती या डफ-तुणतुण्यामुळे. जलशाचा खर्च गावकीच्या वर्गणीतून निघे. कलावंत सावकाराचा मिंधा नव्हता, म्हणून तो सावकाराविरुद्ध गाऊ शकत होता.

पण या जलशात बाई कोठे होती? स्त्रीची भूमिका बहुधा पुरुषच करी. दारूवर टीका होती, पण दारू पिऊन आलेल्या नवऱ्याच्या हातचा मार हा स्वतंत्र विषय क्वचितच झाला. गावातल्या पाटलाने केलेला जुलूम वगात आला. घरातल्या धन्याने केलेला जुलूम ओवीतच राहिला, जात्याच्या घरघरीत विरून गेला.

चळवळीतल्या स्त्रियांना मात्र हे दिसत होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि सुमारे पंचवीस हजार स्त्रिया हजर होत्या. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी घालावी अशी मागणी केली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, लग्न झालेल्या प्रत्येक मुलीने नवऱ्याच्या बरोबरीने, त्याची मैत्रीण म्हणून उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. हिंदू कोड बिलाच्या आधीच दलित स्त्रियांनी हे ठराव केले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात या स्त्रियांचे बोल गोळा केले नसते, तर त्यांची नावेसुद्धा आपल्याला कळली नसती.

३

मुंबईच्या उपनगरांत हा वारसा कसा आला? तो ट्रंकेत घालून आला. गावातून आलेला माणूस गिरणीत, रेल्वेत, महापालिकेच्या सफाई खात्यात, घाटकोपर ते मुलुंड रस्त्यावरच्या कारखान्यांत लागला. १९७२ च्या दुष्काळाने माणसांचा आणखी लोंढा आणला. डोंगरउतारावर, नाल्याकाठी, मिठागरांच्या कडेला वस्त्या वाढल्या. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली उभारलेले लाल बावटा कलापथक कामगारवस्त्यांत गाजले. मुंबईत येऊन शरीरविक्रयात ढकलल्या गेलेल्या मुलीची कहाणी अण्णाभाऊंनी 'चित्रा' कादंबरीत लिहिली, तमाशातल्या बाईची 'वैजयंता'मध्ये. १९६९ साली ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात वारले. उपनगरातील झोपडपट्टी हे साहित्याचे आणि कलेचे उगमस्थान होऊ शकते याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

या वस्त्यांत पंचायत समिती, बुद्धविहार, जयंती मंडळ आणि महिला मंडळ या चार संस्था उभ्या राहिल्या. महिला मंडळाचे काम काय, तर विहारात वंदना घेणे, वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करणे, जयंतीला मुलींची गाणी बसवणे. वरवर पाहता यात हिंसेविरुद्ध काही नाही. पण तीन महिने रोज संध्याकाळी पंधरा-वीस बाया एकत्र बसतात, एक वाचते आणि बाकीच्या ऐकतात, तेव्हा कोणाच्या डोळ्याखाली काळेनिळे झाले आहे हे लपत नाही. पंचशीलातले मद्यपानाविषयीचे शील उच्चारताना शेजारणीचा आवाज का कापतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्या बाईला पोलीस चौकीची पायरी माहीत नव्हती, तिला विहाराची पायरी माहीत होती.

वर्गणीचे महत्त्व येथेच कळते. मी भांडुपच्या वस्तीत वाढले. शाळेच्या वयात आईबरोबर पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरले आहे. पाच रुपये, दहा रुपये, कोणाकडून नुसतेच 'पगार झाल्यावर या'. वर्गणी मागायला गेलेली बाई प्रत्येक घराच्या आत पाहून येते. कोणाच्या घरात चूल पेटलेली नाही, कोणाची सून बाहेर येत नाही, हे तिला कळते. जयंतीनंतर विहारात हिशेब वाचला जाई. मंडपाचे इतके, ध्वनिक्षेपकाचे इतके, शिल्लक इतकी. चौथी शिकलेली बाई शंभर माणसांपुढे उभी राहून आकडे वाचते आणि पुरुषांना जाब विचारते, ही आपल्या समाजातील लहानसहान घटना नव्हे. 'मंडपाचे पैसे जास्त कसे?' हे विचारायला जी शिकली, तीच पुढे 'हिला का मारलेस?' हेही विचारू लागली.

महागाईविरोधी आंदोलनाने या बायांना आणखी एक हत्यार दिले. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. थाळी-लाटणे ही स्वयंपाकघरातली वस्तू. तिचा आवाज सरकारच्या दारात पोचला. तोच आवाज मारकुट्या नवऱ्याच्या दारातही वाजवता येतो, हे स्त्रियांनी लवकरच ओळखले. त्याला ना तिकीट लागले, ना रंगमंच.

४

१९८३ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. पतीकडून व सासरकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम त्याच वर्षी आले. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगमंचावर आणले तेही त्याच वर्षी. लोककलेचा बाज, मोजके साहित्य, नोकरी-घर सांभाळून येणाऱ्या स्त्री कलाकार; चाळीचे अंगण असो की वस्तीतला चौक, नाटक कोठेही उभे राही. त्याचे प्रयोग पुढे हजारोंच्या घरात गेले, अनेक भाषांत ते पोचले. दिल्लीत त्याच सुमारास 'ओम् स्वाहा' हे हुंडाबळीवरचे पथनाट्य रस्त्यावर आले होते. देशभर स्त्रियांनी रस्त्याला रंगमंच केले तो हा काळ.

अशा प्रयोगाचे खरे काम टाळ्या पडल्यानंतर सुरू होते. प्रयोग संपला की कोपऱ्यात एखादी बाई थांबते. तिला नाटकाबद्दल बोलायचे नसते, स्वतःबद्दल बोलायचे असते. तिला पाठवायचे कोठे? म्हणून कलेच्या मागोमाग सल्लाकेंद्रे यावी लागली. स्त्री मुक्ती संघटनेने कौटुंबिक सल्लाकेंद्रे चालवली. सांताक्रूझच्या बाजूला विमेन्स सेंटर उभे राहिले. गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या आधाराने 'स्वाधार' निघाले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायांना संघटित केले, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य बाया दलित होत्या ही गोष्ट कोणाला शोधायला जावी लागली नाही.

या कार्यकर्त्यांविषयी आदर ठेवूनच एक प्रश्न विचारायचा आहे. 'सर्व स्त्रिया बहिणी' ही घोषणा वस्तीत आली तेव्हा वस्तीतली बाई प्रेक्षक होती, पुढे 'केस' झाली, फार तर कार्यकर्ती झाली. लेखिका, दिग्दर्शिका, खजिनदार ती किती वेळा झाली? १९९५ साली गोपाळ गुरू यांनी दलित स्त्री वेगळे का बोलते हे मांडले. त्याच वर्षी दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९९६ साली चंद्रपूरच्या परिषदेने मनुस्मृतिदहनाचा दिवस, २५ डिसेंबर, भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्याचे ठरवले. या घटना अचानक घडलेल्या नाहीत. पदरात वर्गणी गोळा करणाऱ्या बायांनी आपला हिशेब आपणच वाचायचा असे ठरवले, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

५

बोट दुसऱ्याकडे दाखवून आपली सुटका होत नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या सुनांचा छळ लिहिला, त्यांच्या पायांत घातलेले लाकडी खोडे लिहिले, कापलेली नाके लिहिली. गावाने आपल्याला जे केले त्याचा सूड आपण घरातल्या बाईवर उगवला, हे त्यांनी न लाजता सांगितले. मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) मध्ये परिवर्तनाच्या चळवळीतल्या घराचे दार उघडून दाखवले. त्या एका थोर शाहिराच्या कन्या होत्या, ही गोष्ट विसरू नये. शाहिराच्या डफावर जे आले नाही ते त्याच्या मुलीला गद्यात लिहावे लागले. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी काय म्हटले? 'चळवळीची बदनामी होते.' मार खाणाऱ्या बाईने चळवळीची अब्रू राखावी आणि मारणाऱ्याने चळवळीची सभा गाजवावी, हा कोणता न्याय?

आपल्या जयंतीच्या मंचाकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. भीमगीतांच्या गायनपार्ट्यांनी बाबासाहेब घराघरांत पोचवले. वामनदादा कर्डकांचे ऋण कोण फेडू शकेल? पण 'बाई-बुवांचा सामना' म्हणून जो प्रकार चालतो, त्यात गायिकेला उद्देशून केलेली शेरेबाजी आणि तिच्या अंगावर उधळलेल्या नोटा पाहिल्या की जुनी दौलतजादा निळा झेंडा लावून परत आली काय, असा प्रश्न पडतो. बाबासाहेबांनी जो पैसा परत केला, तोच आपण बाबासाहेबांच्या नावाने घेतो आहोत काय?

याउलट, संकटाच्या वेळी वस्तीची कला काय करू शकते तेही आपण पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या चित्रपटात ही सारी वेदना नोंदली गेली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत आईसह मुलीची आणि दोन मुलांची हत्या झाली, तेव्हा उपनगरांतल्या बाया रस्त्यावर आल्या आणि शाहिरांनी ती घटना गाण्यांतून वस्त्यावस्त्यांत पोचवली. जातीची हिंसा आणि बाईवरची हिंसा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाही, हे त्या गाण्यांनी अभ्यासकांच्या आधी सांगितले.

६

आज या कामाला जगभर प्रतिष्ठा आहे. इव्ह एन्सलर यांच्या नाटकाच्या प्रयोगांतून १९९८ साली 'व्ही-डे' ही मोहीम निघाली. गावोगाव हौशी प्रयोग करायचे आणि जमलेला पैसा स्थानिक स्त्रीसंस्थांना द्यायचा अशी तिची रीत. वंदना खरे यांनी ते नाटक मराठीत आणले. ही चांगली गोष्ट आहे. मोठ्या कंपन्यांचा पैसाही आता समाजकार्यात येतो. तो घेऊच नये असे मी म्हणत नाही. निवारागृह चालवायला, वकील लावायला मोठी रक्कम लागते आणि ती वस्तीच्या वर्गणीतून जमत नाही. मात्र हा पैसा आपल्या अटींसह येतो. त्याला आकडे हवे असतात, छायाचित्रे हवी असतात, रडणारी बाई हवी असते. प्रकल्पाची तीन वर्षे संपली की कार्यालयाला कुलूप लागते आणि नवऱ्याचा हात तसाच उगारलेला राहतो.

वर्गणीचे तसे नसते. ज्याने दहा रुपये दिले त्याला प्रश्न आपला वाटतो. ज्या शेजाऱ्याने पावती घेतली त्याला रात्री किंकाळी ऐकू आली नाही असे म्हणता येत नाही. रक्कम लहान असते, पण मार खाल्लेल्या बाईची पहिली गरजही लहानच असते. रात्री रुग्णालयात न्यायला रिक्षाचे भाडे, तपासणीचा कागद, मुलांसाठी दूध, न्यायालयात जायच्या दिवशी बुडालेली मजुरी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. संरक्षण अधिकारी आला, निवासाचा हक्क आला. पण मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवलीच्या न्यायालयात तारखेमागून तारीख पडते, आणि घरकाम करणारी बाई चौथ्या तारखेला थकते. कायदा तिथे असतो. तिला तिथवर नेणारे दहा रुपये नसतात.

म्हणून या लेखाचे मागणे साधे आहे. प्रत्येक जयंती मंडळाने जमलेल्या वर्गणीतला ठरावीक वाटा अत्याचारग्रस्त स्त्रीसाठी बाजूला काढावा, आणि तो महिला मंडळाच्या हाती, महिला मंडळाच्या सहीने राहावा. जयंतीच्या मंचावर एक रात्र घरातल्या मारझोडीवरच्या खेळाची असावी; तो खेळ वस्तीतल्या बायांनी रचावा आणि बायांनीच करावा. गायिकेच्या अंगावर नोटा उधळणे बंद व्हावे. तिची बिदागी ठरवून, पाकिटात घालून, सन्मानाने दिली जावी. आणि महाविद्यालयातल्या आपल्या विद्यार्थ्यांनी विहाराच्या कपाटातली जुनी पावतीपुस्तके, हिशेबाच्या वह्या, गाण्यांच्या वह्या उतरवून घ्याव्यात. वस्त्या पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर बदलताना पहिल्यांदा रद्दीत जाते ते हेच कागद. ज्या बायांनी ते लिहिले त्या साठी-सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांना विचारायला उशीर झाला, तर पुढच्या पिढीला पुन्हा असेच शिकवले जाईल की, ही चळवळ कोणीतरी वस्तीत आणून दिली.

ती आणून दिलेली नव्हती. तिची वर्गणी आपल्या आयांनी भरलेली आहे. पावती आपल्याकडे आहे.